दोन्ही तटांना नकोसा झालेला साहित्यिक

परदेशातील एखाद्या हुकूमशहाने माणसे तुरुंगात कोंबली की, आपल्याकडील सुशिक्षित मंडळी प्रथम त्याच्या झेंड्याचा रंग पाहतात आणि मगच संतापावयाचे की मौन धरावयाचे हे ठरवितात. हा रोग केवळ आपला नव्हे व आजचाही नव्हे. अशा वेळी आम्हांस फ्रेंच साहित्यिक आंद्रे जीद यांचे स्मरण होते.

१८६९ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या जीद यांचा भारताशी संबंध आला तो रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'च्या फ्रेंच भाषांतरामुळे. ते १९१३ साली प्रसिद्ध झाले. राजकारणाकडे ते उतारवयातच वळले. १९२५ साली ते फ्रेंच काँगोत गेले. ठरलेले रबर न आणणाऱ्या गावकऱ्यांचे मक्तेदार कंपन्या कसे हाल करतात हे त्यांनी तेथे पाहिले आणि १९२७ साली पुस्तक लिहून स्वदेशाचीच लक्तरे वेशीवर टांगली. वसाहतींचे राज्यच नको, असे मात्र ते म्हणाले नाहीत. हे न्यून आम्ही झाकू इच्छीत नाही. १९३४च्या जानेवारीत, निर्दोष ठरूनही नाझींच्या कैदेत असलेल्या दिमित्रोव्ह या कम्युनिस्ट पुढाऱ्याच्या सुटकेसाठी ते मालरो यांच्यासह बर्लिनला गेले. डाव्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, यात नवल ते काय?

१९३६च्या जूनमध्ये ते सोव्हिएत सरकारचे पाहुणे म्हणून मॉस्कोत उतरले. गॉर्की यांच्या अंत्यसंस्कारप्रसंगी लाल चौकात त्यांचे भाषण झाले. आदरातिथ्यात उणे काही नव्हते. परंतु पाहुण्याची नजर शाबूत होती. स्टालिनच्या जन्मगावी, गोरी येथे, त्यांना आभाराची तार करावयाची होती. नुसते 'आपण' हे संबोधन तारकचेरीला चालेना. पुढे गौरवाची बिरुदे जोडल्यावाचून तार स्वीकारली जाईना! ही गोष्ट लहान खरी, पण एका तारेवरून राज्य ओळखावे अशी आहे.

परतल्यावर त्यांनी सारे लिहावयाचे ठरविले, तेव्हा स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध युद्ध पेटले होते. शत्रूच्या हाती कोलीत देऊ नका, निदान थोडे थांबा, अशी मित्रांची विनवणी होती. ती अगदीच पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. तरीही नोव्हेंबरात पुस्तक निघाले. गांधीजी व विवेकानंद यांची चरित्रे लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँ यांनीही त्यांना दोष दिला. जीद यांनी १९३७ साली दुसरे पुस्तक काढले. त्यात टीका सौम्य होण्याऐवजी आकडेवारीसह अधिक तीव्र झाली. त्याच वर्षी त्यांनी इतर चार विचारवंतांसह स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारला तार करून तेथील राजकीय कैद्यांना न्याय्य बचावाची संधी मागितली. हे सरकार त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे होते!

१९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ साली ते वारले. 'प्रावदा'ने त्यांच्यावर १९३६ सालीच तोफ डागली होती. १९५२ साली व्हॅटिकननेही त्यांचे ग्रंथ निषिद्ध ठरविले.