एरिक लिडेल : शेवटपर्यंत धावलेला माणूस

शर्यत म्हटली की आपल्याला आधी पहिला नंबर आठवतो. पण बायबलच्या नव्या करारात धावण्याची उपमा येते ती जरा वेगळ्या अर्थाने. संत पौल यांनी करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या क्रीडास्पर्धा भरत. त्यामुळे धावपटूंची मेहनत तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली असे. श्रद्धेने जगणे हीही एक शर्यतच आहे, ती संयमाने आणि ध्येयावर नजर ठेवून धावायची, असे पौल यांनी त्यांना समजावले. ही उपमा प्रत्यक्ष जगून दाखवली ती स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल यांनी.

जन्म व शिक्षण

लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिआन्जिन शहरात झाला. आई-वडील स्कॉटिश मिशनरी होते. लहानपणीच त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडमधील निवासी शाळेत ठेवण्यात आले. पुढे एडिंबरा विद्यापीठात शिकताना ते स्कॉटलंडच्या संघातून रग्बीही खेळले. धावण्याची त्यांची पद्धत मात्र अगदीच बेढब! मान मागे टाकलेली, तोंड उघडे, हात कसेही हलताहेत.

१९२३ साली स्टोक-ऑन-ट्रेंट येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून ते पडले. उठेपर्यंत बाकीचे सुमारे २० यार्ड पुढे निघून गेले होते. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. लिडेल उठले, धावले आणि चक्क जिंकले!

पॅरिस ऑलिंपिक

१९२४ साली पॅरिसला ऑलिंपिक स्पर्धा होत्या. १०० मीटर ही लिडेल यांची हुकमी शर्यत. पण तिच्या प्राथमिक फेऱ्या आल्या रविवारी. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी खेळायचे नाही, हा त्यांचा नेम. वेळापत्रक काही महिने आधीच कळले होते. बरीच टीका झाली, पण ते बधले नाहीत. १०० मीटर सोडून त्यांनी ४०० मीटरची तयारी केली. त्या रविवारी ते पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन देत होते. पुढे २०० मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले आणि ११ जुलै रोजी ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून त्यांनी ऑलिंपिक विक्रम केला.

खरी शर्यत

लिडेल म्हटले की बहुतेकांना एवढेच आठवते. पण त्यांची लांब पल्ल्याची शर्यत तर इथून पुढे सुरू झाली. १९२५ साली, कीर्ती शिखरावर असताना, ते चीनला गेले आणि तिआन्जिनच्या एका शाळेत विज्ञान व खेळ शिकवू लागले. तिथे ना टाळ्या, ना पदके. पुढे युद्ध पेटलेले असतानाही त्यांनी खेडोपाडी जाऊन सेवा केली. १९४१ मध्ये धोका वाढला, तेव्हा गरोदर पत्नी फ्लॉरेन्स आणि दोन मुलींना त्यांनी कॅनडाला पाठवले. तिसऱ्या मुलीचा चेहरा त्यांना कधीच पाहायला मिळाला नाही.

१९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना शांतुंग प्रांतातील वेइशिएन छावणीत डांबले. अन्न अपुरे, जागा अपुरी. तिथेही ते मुलांना विज्ञान शिकवत, त्यांचे खेळ घेत, म्हाताऱ्यांना मदत करत. खेळ रविवारी नाही, हा नेम तिथेही होताच. पण एका रविवारी पंचाविना खेळताना मुलांची मारामारी झाली. मग पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले! स्वतःच्या पदकासाठी जो नेम मोडला नाही, तो मुलांच्या भल्यासाठी बाजूला ठेवला. चिकाटी आणि हट्ट यांत फरक असतो, तो असा.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे छावणीतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४३. छावणी सुटली ती ऑगस्टमध्ये. मृत्यूच्या काही आठवडे आधी, ऐन थंडीत, त्यांनी आपले झिजलेले धावण्याचे बूट छावणीतल्या एका मुलाला दिले होते. तो मुलगा मोठा होऊन मिशनरी झाला आणि गेला कुठे, तर जपानलाच.

मित्रांनो, ४७.६ सेकंदांचा तो विक्रम पुढे मोडला गेला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण कोणी पाहत नसतानाही वीस वर्षे न थकता धावत राहणे, ही लिडेल यांची खरी कमाई. पडलो तरी उठायचं, आणि आपली धाव पुरी करायची, एवढं आपण त्यांच्याकडून नक्कीच घेऊ शकतो.