शाहीर पठ्ठे बापूराव : जीवन आणि कार्य



मागील घटकात आपण पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांचा परिचय करून घेतला. रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ आणि प्रभाकर ही नावे आता तुम्हांला नवी नाहीत. प्रस्तुत घटकात आपण या परंपरेला इंग्रजी अमदानीत नवे वैभव मिळवून देणाऱ्या पठ्ठे बापूरावांच्या जीवनाचा आणि कार्याचा विचार करणार आहोत. त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. ब्राह्मण घरातील एक तरुण ढोलकीच्या नादाने घरदार सोडतो, ही कथा इतकी नाट्यपूर्ण आहे की तिच्या भरात मूळ कवी आणि त्याला घडविणारा फड हे दोन्ही नजरेआड होतात. म्हणून हा घटक वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा : बापूरावांनी जे सोडले त्याचा आपण गौरव करतो, परंतु ज्यांच्यात ते जाऊन मिळाले, त्यांचे या कवितेतील स्थान कोणते?

१. जन्म आणि परिसर

बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी झाला. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा हा सारा टापू तमाशाचे माहेरघर मानला जातो. याच भागातील सावळजच्या उमा-बाबू यांनी १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ हा वग उभा केला, आणि तोच मराठीतील पहिला वग समजला जातो. म्हणजे बापूराव जन्मले त्याच सुमारास तमाशाला कथेचा कणा लाभत होता, हे लक्षात घ्या.

गावगाड्यात कुलकर्ण्याचे स्थान काय होते, हे तुम्ही जाणताच. गावचे दप्तर, जमिनीच्या नोंदी आणि साऱ्याचा हिशेब त्याच्या हाती असे. लेखणी ही त्याची सत्ता होती. तमाशाचे फड मात्र प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील कलावंतांचे असत आणि त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळख नसे. लावण्या मुखोद्गत असत; गुरूकडून शिष्याकडे त्या ऐकूनच जात. गावकुसाच्या आतील लेखणी आणि गावकुसाबाहेरील ढोलकी यांचा मिलाफ बापूरावांच्या रूपाने घडून आला.

२. घराचा त्याग आणि फडाचा स्वीकार

आरंभी ते तमासगिरांना लावण्या रचून देत. हळूहळू ते स्वतः फडात उभे राहू लागले आणि अखेरीस त्यांनी स्वतःचा फड उभारला. ब्राह्मणाने लावणी लिहिणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. रामजोशींचे उदाहरण तुमच्यासमोर आहेच. नवल होते ते पुढच्या पावलात. रामजोशी उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. कीर्तनाच्या वाटेने प्रतिष्ठित समाजात परत येण्याची सोय त्यांना होती. बापूरावांनी अशी परतीची वाट ठेवली नाही. फडातील माणसांबरोबर राहणे, जेवणे, गावोगाव फिरणे हेच त्यांचे जीवन झाले. जातीने त्यांना दूर लोटले आणि श्रीधर कुलकर्णी हे नाव मागे पडून पठ्ठे बापूराव हे नाव लावणीच्या अखेरच्या चरणातील मुद्रा म्हणून कायम झाले.

३. पवळा आणि कोल्हापूर दरबार

बापूरावांच्या फडाला खरी कीर्ती लाभली ती पवळामुळे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळा ही महार समाजातील गायिका व नर्तकी. तिच्यापूर्वी तमाशात स्त्रीची भूमिका बहुधा नाच्या पोऱ्या करीत असे. पवळाने तमाशाच्या बोर्डावर स्त्रीकलावंताला मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. बापूरावांची रचना आणि पवळाचा गळा, तिची अदाकारी यांचा जो संगम झाला, त्याने ग्रामीण महाराष्ट्राबरोबरच मुंबईच्या गिरणगावातील श्रोत्यांनाही वेड लावले.

या कीर्तीचा एक टप्पा म्हणजे कोल्हापूर दरबार. १९०८-०९ च्या सुमारास बापूरावांनी आपला ‘मिठाराणी’ हा वग राजर्षी शाहू महाराजांसमोर सादर केला. महाराजांनी मल्ल, गायक, नट आणि शाहीर यांना आश्रय दिला, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. याच महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि पुढे १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील कुलकर्णी वतने बंद करून तलाठ्यांची नेमणूक केली. कुलकर्ण्याच्या घरात जन्मलेल्या आणि बहिष्कृत समजल्या गेलेल्या जातींत रमलेल्या शाहिराचा वग अशा राजाच्या दरबारात व्हावा, या प्रसंगाचा अर्थ केवळ राजाश्रयापुरता मर्यादित नाही.

४. काव्याचे स्वरूप

बापूरावांनी गण, गौळणी, भेदिक लावण्या, झगड्याच्या लावण्या, शृंगारिक लावण्या आणि वग असे विपुल लेखन केले. त्यांच्या नावावर दोन लाख लावण्या सांगितल्या जातात. हा आकडा त्यांच्या रचनेच्या ओघाची लोकांना वाटलेली अपूर्वाई म्हणून घ्यावा. प्रत्यक्षात छापील रूपात आपल्या हाती आलेला भाग त्याच्या मानाने फारच थोडा आहे.

त्यांची लावणी पुस्तकात वाचताना कधी शब्दांची पुनरावृत्ती खटकेल, कधी यमकांचा सोस वाटेल. अशा वेळी एवढे ध्यानात धरा की ही रचना डोळ्यांसाठी केलेली नाही. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने ती उभी राहते. सुरत्ये धृपद उचलतात, नर्तकी एकाच ओळीला निरनिराळ्या अदांनी निरनिराळे अर्थ देते आणि श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून शाहीर चाल वाढवतो किंवा आटोपती घेतो. म्हणून लावणीची संहिता कवीची असली तरी लावणीचा प्रयोग साऱ्या फडाचा असतो.

मुंबई शहराचे त्यांनी केलेले वर्णन विशेष गाजले. त्यात महानगरीच्या वैभवाने दिपलेली दृष्टी आहे. पुढे वाळवे तालुक्यातीलच वाटेगावी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या मुंबईच्या लावणीत त्याच शहरातील श्रमिकांची दैना मांडली. या दोन लावण्या शेजारी ठेवून वाचल्यास एकाच काव्यप्रकाराने अर्ध्या शतकात किती मोठी मजल मारली, हे तुमच्या सहज ध्यानी येईल.

५. एक नकार आणि त्याचा अर्थ

१९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ते नाकारले, असा प्रसंग दलित चळवळीच्या आठवणींतून सांगितला जातो. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या कार्यासाठी घेणे त्यांना मान्य नव्हते. हा प्रसंग दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे. बापूरावांनी जातीचा अभिमान खरोखरच टाकला होता आणि त्याची किंमतही मोजली होती. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यासाठी तमाशा ही निवड होती. पवळासारख्या स्त्रियांसाठी मात्र जातीव्यवस्थेने उपजीविकेचे फार थोडे मार्ग मोकळे ठेवले होते. एकाच बोर्डावर उभ्या असलेल्या या दोघांपैकी एकाच्या वाट्याला त्यागाचा गौरव आला, तर दुसरीच्या वाट्याला बदनामी. बाबासाहेबांचा नकार या विषमतेवर बोट ठेवतो.

६. अखेरचे दिवस

पुढे बापूराव आणि पवळा यांची फारकत झाली. फडाचे वैभव ओसरत गेले. बोलपट आले आणि करमणुकीची साधने पालटली. पवळाचे १९३९ मध्ये निधन झाले. बापूरावांची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला.

७. समारोप

आजही अनेक तमाशांत बापूरावांचा गण गायिला जातो. ग्रंथालयापेक्षा बोर्डावर जिवंत राहणे, हेच प्रयोगधर्मी कवीचे खरे चिरंजीवित्व होय. त्यांचे मूल्यमापन करताना केवळ बंडखोर ब्राह्मण शाहीर एवढ्या ओळखीवर थांबू नका. ज्या ढोलकीवाल्यांनी, सुरत्यांनी आणि नर्तकींनी त्यांना लावणीचे मर्म शिकविले व ती गावोगाव पोहोचविली, त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही लावणीच्या मुद्रेत नाहीत. बापूरावांची लावणी वाचताना ही अनुल्लेखित माणसेही तुम्हांला ऐकू आली, तर या घटकाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.

विचार करा : तुमच्या गावच्या जत्रेत तमाशा होत असल्यास त्यातील गण, गौळण, बतावणी आणि वग यांचा क्रम पाहून टिपण करा. रचनाकार आणि सादर करणारे कलावंत यांपैकी कोणाची नावे प्रेक्षकांच्या स्मरणात राहतात, याचीही नोंद घ्या.