स्वतःच्याच शोधाला पारखा

नोव्हेंबर १९५७. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करणारा ३७ वर्षांचा गॉर्डन गुल्ड एका रात्री वही घेऊन बसला. एकाच रंगाच्या, एकाच तालात हलणाऱ्या प्रकाशलहरींचा न पसरणारा झोत कसा काढता येईल, हे त्याने नऊ पानांत मांडले आणि त्या झोताला नाव दिले लेसर. १३ नोव्हेंबरला ती वही घेऊन तो एका गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात गेला. दुकानदार नोटरीचेही काम करीत असे. पाथरीच्या तहसील कचेरीबाहेर आपण ज्या धास्तीने कागदावर शिक्का मारून घेतो, त्याच धास्तीने गुल्डने तो घेतला.

मूळ तत्त्व आइन्स्टाइनने १९१७ मध्येच सांगितले होते. टाउन्स आणि शॉलो हे शास्त्रज्ञही त्याच वाटेवर होते. श्रेय कोणाचे किती, हा वाद अजून रंगतो. चालते यंत्र हाती असल्याशिवाय पेटंट मागता येत नाही, अशी गुल्डची समजूत होती. ती खोटी होती, आणि त्यातच मोलाचे महिने गेले.

पदवी अर्धवट टाकून तो टीआरजी या खाजगी कंपनीत शिरला. कंपनीने अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे ३ लाख डॉलर मागितले. १९५९ मध्ये मिळाले जवळजवळ १० लाख! शत्रूचे क्षेपणास्त्र प्रकाशाने जाळता येईल, या कल्पनेने लष्कराला भुरळ घातली होती. पण पैशांबरोबर गुप्ततेचा शिक्काही आला. तरुणपणी गुल्ड मार्क्सवादी अभ्यासमंडळात जात असे. त्याच कारणाने युद्धकाळात अणुबाँब प्रकल्पातली नोकरीही गेली होती. त्याला परवानगी नाकारण्यात आली. ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली, त्यालाच त्या कामात प्रवेश नाही! सहकारी येऊन प्रश्न विचारीत. उत्तराचे पुढे काय झाले, हे मात्र सांगायची त्यांना बंदी. त्याची स्वतःची टिपणेही गुप्त ठरली. देशाच्या संरक्षणासाठी सावधगिरी हवीच, पण इथे तिने घरच्याच माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मैमन याने दुसऱ्याच कंपनीत माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत काढला. टीआरजी मागे पडली.

आणि लष्कराचे ते अस्त्र? हवेतली धूळ, बाष्प, प्रचंड विजेची गरज यांनी ते दशकानुदशके अडवले. तोवर लेसर डोळ्यांच्या दवाखान्यात आणि दुकानातल्या बारकोडवर जाऊन बसला. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये पाँस जहाजावर लेसर तोफ बसवली. भारताने एप्रिल २०२५ मध्ये कुर्नूलजवळ ३० किलोवॅटच्या झोताने ड्रोन पाडून दाखवले. ३० किलोवॅट म्हणजे विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या ८ मोटारींएवढी ताकद, तीही एका ठिपक्यावर.

गुल्ड कोर्टकचेऱ्या करीत राहिला. पहिले महत्त्वाचे अमेरिकी पेटंट १९७७ मध्ये हाती आले, शेवटची मोठी लढाई १९८७ मध्ये जिंकली. गंमत अशी, की उशीर झाला म्हणूनच त्याचा फायदा झाला. तोवर लेसर घराघरात पोचला होता आणि मानधनाची रक्कम कैक पटींनी वाढली होती. खटल्यासाठी त्यातला मोठा हिस्सा त्याने आधीच वाटून टाकला होता, तरी उरलेल्यात तो श्रीमंत झाला. १६ सप्टेंबर २००५ रोजी तो गेला.