नटाचार्य स्तानिस्लावस्की

नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. हातवारे शिकविता येतात, शब्दोच्चार घोटून घेता येतात, रंग आणि वेषभूषा तर भाड्यानेही मिळतात. अडते ते चौथ्या प्रकारापाशी. समोर शेकडो माणसे बसलेली असताना, ठरल्या वेळी, ठरल्या वाक्याला खरोखरीच कंठ दाटून यावा यासाठी नटाने काय करावे? सत्त्व हे एकाग्र मनातून उपजते, एवढे भरतमुनींनी सांगून ठेविले आहे. परंतु ते मन रोज रात्री एकाग्र करावयाचे कसे, हा प्रश्न बहुतेक नटांनी दैवावर सोपविला. या एका प्रश्नापायी ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्या कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की या रशियन नटश्रेष्ठाचे चरित्र आमच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. त्याला आणखीही एक कारण आहे. हा जगद्विख्यात नटाचार्य मूळचा, गणेशोत्सवात नाटके करणाऱ्या आपल्या मंडळींसारखाच, हौशी नट होता.

त्यांचे खरे नाव कॉन्स्तान्तिन सेर्गेयेविच अलेक्सेयेव. जन्म मॉस्को येथे, १७ जानेवारी १८६३ रोजी. घराणे गर्भश्रीमंत, सोन्याचांदीची जर तयार करण्याचा त्यांचा मोठा कारखाना होता. आजी फ्रेंच नटी होती, एवढाच काय तो रंगभूमीशी रक्ताचा संबंध. वडिलांनी १८७७ मध्ये ल्युबिमोव्का या आपल्या खेड्यातील वाडीवर मुलांसाठी एक छोटे नाट्यगृहच उभे करून दिले आणि भावंडांचे नाट्यमंडळ सुरू झाले. चौदा वर्षांच्या कॉन्स्तान्तिनला पहिल्याच दिवशी एक विचित्र अनुभव आला. जी भूमिका करताना तो स्वतः रंगून गेला होता, तीच नेमकी लोकांना पटली नाही. बोलणे इतके भरभर झाले होते की शब्द कळले नाहीत. आपल्याला वाटते ते एक आणि प्रेक्षकांपर्यंत पोचते ते दुसरेच, हे कोडे त्याने वहीत टिपून ठेविले. अशा वह्या पुढे ते आयुष्यभर लिहीत राहिले.

मोठेपणी दिवसा कारखान्याची कचेरी आणि रात्री तालीम असा क्रम सुरू झाला. प्रतिष्ठित व्यापारी कुळातील तरुणाने उघडपणे नाटकात वावरणे बरे दिसत नसे, म्हणून १८८५ च्या सुमारास त्यांनी स्तानिस्लावस्की हे नाव घेतले. नाट्यशिक्षणाच्या शाळेतही ते गेले, परंतु काही आठवड्यांतच बाहेर पडले. तेथे अभिनय करून दाखविला जाई आणि विद्यार्थ्याने त्याची नक्कल करावयाची असे; तो कसा साधावा हे कोणी सांगत नसे. खरे शिक्षण झाले ते प्रेक्षागृहात बसून. इटालियन नट साल्विनी यांचा ऑथेल्लो त्यांनी १८८२ मध्ये पाहिला आणि त्याची छाप कधीच पुसली गेली नाही. (ऑथेल्लो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवलांचा ‘झुंझारराव’ आणि गणपतराव जोशी उभे राहतात. गणपतराव हे स्तानिस्लावस्कींहून अवघ्या चार वर्षांनी लहान होते.) १८८८ मध्ये त्यांनी कला आणि साहित्य मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी पदरचे पैसे सढळ हाताने खर्चिले. पुढच्याच वर्षी लिलिना या नटीशी त्यांचा विवाह झाला.

१८९७ च्या उन्हाळ्यात नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को यांनी त्यांना मॉस्कोतील स्लाव्यान्स्की बझार या उपाहारगृहात बोलाविले. दुपारी दोनला सुरू झालेले बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संपले. या अठरा तासांतून मॉस्को आर्ट थिएटरचा जन्म झाला. तालमी १८९८ च्या उन्हाळ्यात पुश्किनो या गावी एका कोठारात झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पडदा वर गेला. डिसेंबरात चेकॉव्ह यांचे ‘सी गल’ लागले. दोन वर्षांपूर्वी पीटर्सबर्गला हेच नाटक सपशेल पडले होते. येथे ते असे उभे राहिले की तो समुद्रपक्षी संस्थेचे बोधचिन्ह होऊन बसला. चेकॉव्हना मात्र स्तानिस्लावस्कींचे सर्व काही पसंत नव्हते. रातकिडे, बेडूक, कुत्र्यांचे भुंकणे अशा आवाजांची त्यांना भारी हौस. लेखकाला ती डोईजड होई. ‘चेरी ऑर्चर्ड’ (१९०४) हे आपण प्रहसनाच्या अंगाने लिहिले असता यांनी त्याची शोकांतिका केली, ही चेकॉव्हची तक्रार तर प्रसिद्धच आहे. आमच्या मते लेखकाचे म्हणणे रास्त होते.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच १९०६ मध्ये त्यांना मोठा धक्का बसला. परदेश दौरा आटोपून ते फिनलंडमध्ये विश्रांतीसाठी गेले होते. समुद्रकाठच्या कड्यावर बसून जुन्या भूमिका आठवू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की इब्सेनच्या नाटकातील डॉक्टर स्टॉकमन ही आपली सर्वांत गाजलेली भूमिका आता पोकळ झाली आहे. ती वाकलेली लगबगीची चाल, दोन बोटे पुढे करून बोलण्याची ती लकब, सर्व जागच्या जागी होते. ज्या भावनेतून ते उपजले ती मात्र कधीच निघून गेली होती. टाळ्या अजूनही पडत होत्या. दुसरा एखादा नट टाळ्यांवर समाधान मानून स्वस्थ बसला असता. यांनी त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा धुळाक्षरे गिरविण्यास आरंभ केला.

त्यातून जी ‘पद्धती’ आकारास आली तिचे मर्म थोडक्यात असे. भावनेला थेट हात घालू नये. तसे केल्यास ती पळून जाते आणि उरतो तो आक्रस्ताळेपणा. नाटकातील पात्राला गावाहून तार येते असे समजा. नटाने दुःखी चेहरा करण्याच्या भरीस पडू नये. अशी तार जर मलाच आली असती, घरी आई आजारी असती आणि गाडी सुटावयास एक तास उरला असता, तर मी काय केले असते, एवढेच स्वतःस विचारावे. मग हात आपोआप चष्मा शोधू लागतात, वेळापत्रक चाळू लागतात, आणि भावना मागच्या दाराने येते. (जरीच्या कारखानदाराच्या मुलाला ही किल्ली ‘जर’ या शब्दात सापडावी, ही गंमत मराठी वाचकालाच कळावयाची.) याच्या जोडीला स्नायूंचा ताण सैल करणे, अवधानाचे वर्तुळ लहान करून प्रेक्षकांचा विसर पाडणे, प्रत्येक प्रवेशात पात्राला नेमके काय हवे आहे ते शोधणे, आणि नाटकाच्या मूळ हेतूशी ही सारी उद्दिष्टे एका सूत्रात ओवणे, हा अभ्यास असे. १९१२ मध्ये काढलेल्या पहिल्या स्टुडिओत तरुण नटांकडून हे धडे गिरवून घेतले जात. त्यांत योगावरील पुस्तकांतून घेतलेले ‘प्राणा’चे प्रयोगही होते. पुढे सोव्हिएत राजवटीत असले उल्लेख गाळले गेले, ही गोष्ट अलीकडच्या संशोधनाने पुढे आणिली आहे.

मुख्य संस्थेतील जुन्या नटांना हे सारे खूळ वाटे. आणि १९१७ मध्ये जे घडले ते या चरित्रातील सर्वांत करुण प्रकरण होय. दस्तयेव्हस्कीच्या ‘स्तेपान्चिकोवो’ या कथेतील कर्नलची भूमिका त्यांनी १८९१ मध्ये, पद्धती वगैरे काहीच नव्हते तेव्हा, अत्यानंदाने केली होती. तीच भूमिका आता ते नव्या शास्त्रानुसार बसवू लागले. तालमी लांबत गेल्या, भूमिका काही केल्या उभी राहीना. अखेरीस नेमिरोविच-दान्चेन्को यांनी ती त्यांच्याकडून काढून घेऊन दुसऱ्यास दिली. स्तानिस्लावस्कींच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. परंतु स्वतःच घातलेली शिस्त त्यांनी मोडली नाही, तक्रार केली नाही. जुन्या भूमिका ते करीत राहिले, नवी भूमिका मात्र त्यांनी पुन्हा कधीही घेतली नाही. त्याच वर्षी राज्यक्रांती झाली, कारखाना गेला, पिढीजात संपत्ती गेली.

१९२३-२४ च्या अमेरिका दौऱ्याने त्यांचे नाव जगभर झाले, पण त्याबरोबर एक घोटाळाही झाला. अमेरिकेत पोचली ती मुख्यतः त्यांची पूर्वीची शिकवण: स्वतःच्या आयुष्यातील जुनी दुःखे आठवून भावना जागी करावी, ही. ते स्वतः तर पुढे निघून गेले होते. स्मृती उकरून नट थकतो, भावना आणखीच आटते, असे त्यांना दिसून आले होते. त्याऐवजी साध्या शारीरिक क्रियांची अचूक साखळी बांधावी, भावना तिच्यामागून येते, असे ते आता शिकवीत. १९३४ मध्ये अमेरिकन नटी स्टेला अॅडलर पॅरिसमध्ये त्यांच्याकडे शिकून गेली आणि तिने मायदेशी हे सांगताच तेथे दोन तट पडले. ली स्ट्रासबर्ग जुन्याच मार्गाने गेले. आपला सिद्धांत जगभर पसरत असताना तो स्वतःच दुरुस्त करावयास घेणे किती जणांना जमेल? मराठीत के. नारायण काळे यांनी स्तानिस्लावस्कींचे अभिनयविषयक लेखन भाषांतरित केले आहे. ते हौशी मंडळींनी अवश्य वाचावे.

२९ ऑक्टोबर १९२८ रोजी संस्थेच्या तिसाव्या वाढदिवशी ‘थ्री सिस्टर्स’चा पहिला अंक करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेदना सोशीत त्यांनी अंक पुरा केला, प्रेक्षकांना अभिवादन केले आणि मगच ते कोसळले. त्यानंतर ते रंगमंचावर आले नाहीत. पुढील दहा वर्षे बहुतेक लेओन्तियेव्स्की गल्लीतील घरातच गेली. विद्यार्थी तेथेच येत. मेयेरहोल्ड हा त्यांचा जुना शिष्य कलाविषयक मतभेदांमुळे दूर गेला होता. जानेवारी १९३८ मध्ये सरकारने त्याचे नाट्यगृह बंद केले आणि त्याच्या सावलीलाही कोणी उभे राहीना, तेव्हा आजारी गुरूने त्याला आपल्या संगीत नाट्यगृहात काम दिले. ७ ऑगस्ट १९३८ रोजी स्तानिस्लावस्की निवर्तले. मेयेरहोल्डला पुढच्या वर्षी अटक झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गोळी घालण्यात आली.

अभिनयावरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीत १९३६ मध्ये निघाला होता; रशियन आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर आली. अखेरच्या दिवसांत ते मोल्येरचे ‘तार्त्युफ’ बसवीत होते, तेही प्रयोगासाठी नव्हे, केवळ नटांना नवी रीत शिकविण्यासाठी. ते काम केद्रोव यांनी पुरे केले आणि १९३९ च्या डिसेंबरात त्याचा प्रयोग झाला.