बॅरिस्टर नाथ पै : घटनेच्या किल्ल्या कोणाकडे?

(द्वितीय वर्ष कला)

कोकणच्या तांबड्या मातीने महाराष्ट्राला अनेक नररत्ने दिली. त्यांतले एक म्हणजे बॅरिस्टर नाथ पै. आमच्या पिढीला हे नाव फारसे ठाऊक नाही. ते गेले तेव्हा माझे वडीलही जन्मले नव्हते. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी घटनादुरुस्तीचे कलम ३६८ शिकवताना त्यांच्या विधेयकाचा ओझरता उल्लेख केला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. माझे मन मात्र तिथेच अडकून राहिले. त्याला कारण आमच्या घरचा सातबारा.

वाचक मित्रहो, आमचे गाव शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठी आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका. माझे पणजोबा दुसऱ्याच्या जमिनीत कूळ म्हणून राबत. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरून पणजोबांनी ३२-म चा दाखला मिळवला. तो पिवळा पडलेला कागद आजही आजीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. घरात कोणालाच नीट वाचता येत नव्हते, पण तो कागद सर्वांना पाठ होता. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी फी ज्या उसाच्या पैशातून भरली जाते तो ऊस त्याच जमिनीतला. त्या कागदामागे केवढी मोठी घटनात्मक लढाई उभी होती हे मला नाथ पैंचे चरित्र वाचताना कळले.

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याला झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आईने मुलांना वाढवले. बेळगावात शिक्षण चालू असताना १९४२ चे वादळ आले. हा तरुण त्यात उतरला आणि तुरुंगात गेला. पुढे विलायतेला जाऊन त्यांनी बॅरिस्टरची पदवी घेतली. परदेशात समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष झाले. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टल त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. युरोपात राहून सुखाने वकिली करता आली असती, पण हा माणूस परत आला तो कोकणातल्या आडवाटा तुडवायला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने महाराष्ट्र पेटलेला होता. १९५७ च्या निवडणुकीत राजापूर मतदारसंघाने नाथ पैंना लोकसभेत पाठवले. ते प्रजासमाजवादी पक्षाचे. १९६२ आणि १९६७ मध्येही राजापूरने त्यांनाच निवडले. गोव्याची मुक्ती, बेळगावचा सीमाप्रश्न, कोकणची रेल्वे हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय. आम्हा शिरूरकरांना रेल्वेची ओढ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. शिरूरला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर एस. टी. ने न्हावरे, चौफुला करीत दौंड गाठावे लागते. जिथे रूळच नाहीत तिथल्या माणसासाठी दिल्लीत दाद मागणाऱ्या खासदाराची किंमत आम्हाला कळते.

आता मूळ विषयाकडे वळते. आपली घटना बदलायची तर कोणी बदलायची? अमेरिकेच्या घटनेत एक मार्ग असा आहे की दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली तर घटनादुरुस्तीसाठी खास परिषद बोलवावी लागते. हा मार्ग आजवर एकदाही वापरला गेलेला नाही आणि तो वापरावा की नाही यावर तिथे अजून वाद चालतो. परिषद एकदा भरली की ती ठरलेल्या प्रश्नापुरतीच थांबेल, की सारी घटनाच उलगडून बसेल, ही तिथली मोठी धास्ती आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विचार आधीच केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट केले की परिषद किंवा सार्वमत अशा अवघड पद्धती आपण दूर ठेवल्या आहेत. दुरुस्तीचे काम संसदेकडे आणि काही बाबतींत राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवले आहे. मात्र साध्या बहुमताने घटना बदलू नये, असेही त्यांनी बजावले. घटना समितीच्या सभासदांना पक्षाचा स्वार्थ नाही, उद्याच्या संसदेतील सभासद मात्र पक्षाच्या सोयीसाठी घटना वाकवू पाहतील, असा त्यांचा इशारा होता. आपल्या पुणे जिल्ह्याचे केशवराव जेधे त्या घटना समितीचे सभासद होते.

पहिली ठिणगी लवकरच पडली. जमीनदारी नष्ट करणाऱ्या कायद्यांना मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या आधारे न्यायालयात आव्हान मिळू लागले. म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट जोडले. त्यात नोंदलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कारणावरून धक्का लागणार नव्हता. त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर कोणता कायदा आहे? १९४८ चा मुंबई कूळ कायदा! ही यादी मी ग्रंथालयात उघडली तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले. आजीच्या पेटीतल्या कागदाला दिल्लीची ढाल होती. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदाही त्याच यादीत गेला.

ही ढाल टिकेल का? १९५१ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टिकेल असे सांगितले. १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात बहुमताचा निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर साताऱ्याचे. त्याच खटल्यात न्यायमूर्ती मुधोळकरांनी एक शंका काढली. घटनेचे मूळ स्वरूपच बदलले तर ती दुरुस्ती म्हणायची की नवे लेखन? ही शंका पुढे फार मोठी झाली.

मग पंजाबातल्या जालंधरचे गोलकनाथ कुटुंब न्यायालयात गेले. त्यांची पाचशे एकर जमीन. कायद्याने प्रत्येकाला तीस एकर ठेवता येत होती. बाकीची वरकड ठरणार होती. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. आधी झालेल्या दुरुस्त्या मात्र कायम राहतील. म्हणजे आमची जमीन वाचली, पण ज्यांच्यापर्यंत कायदा अजून पोचला नव्हता त्यांचे काय? मूलभूत हक्कांना हात लावायचाच असेल तर नवी घटना समिती बोलवावी, असा मार्ग न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी दाखवला. सरन्यायाधीश सुब्बारावांनीही घटना समितीच्या शक्यतेचा उल्लेख केला.

इथे नाथ पै पुढे आले. निकालाला जेमतेम सहा आठवडे झाले असतील नसतील, एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी लोकसभेत आपले खाजगी विधेयक मांडले. घटनेतील कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे स्पष्ट लिहावे एवढीच त्यांची मागणी होती. खाजगी विधेयकांना शुक्रवारचे अडीच तास मिळतात. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयके कायदा बनली आणि १९७० नंतर एकही नाही. अशा अरुंद खिडकीतून या माणसाने देशातला सर्वांत मोठा प्रश्न आत आणला! नाथ पै विधेयक याच नावाने ते देशभर गाजले. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने त्याचा विचार केला.

गंमत अशी की नाथ पै विरोधी बाकांवर बसत. संसदेला अधिकार मिळाला तर तो वापरणार काँग्रेसचे सरकार, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी तो मागितला. लोकशाहीत सार्वभौम जनता आहे आणि तिने निवडलेल्या सभेला आपल्याच घटनेपुढे परके करता येणार नाही, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. मला स्वतःला यात एक गोष्ट पटते. १९४६ ची घटना समिती प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली होती आणि त्या विधिमंडळांना मत देण्याचा हक्क मालमत्ता, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. माझ्या पणजोबांसारख्या कुळाला तिथे मत कुठले? १९६७ च्या लोकसभेसाठी मात्र प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत होते. मग कुळाला मत नसताना निवडलेली सभा पवित्र आणि कुळाने मत दिलेली सभा संशयित, हा कुठला न्याय?

दुसरी बाजूही तेवढीच वजनदार होती. स्वतंत्र पक्षाचा विधेयकाला विरोध होता. नानी पालखीवालांसारख्या कायदेपंडितांना भीती वाटत होती की आज मालमत्तेच्या हक्कासाठी उघडलेले दार उद्या भाषणस्वातंत्र्यावर घाला घालायला वापरले जाईल. मूलभूत हक्क बहुमताच्या लहरीवर सोडले तर ते मूलभूत कसले? ही भीती पोकळ नव्हती, हे पुढच्या काही वर्षांनी दाखवून दिले.

नाथ पै ते पाहायला राहिले नाहीत. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबरच विरले. सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाला ते बेळगावात होते. त्यांचे हृदय आधीपासूनच दुबळे झाले होते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावातच त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे ४८ वर्षांचे! राजापूरने त्यांच्या जागी मधू दंडवत्यांना निवडून दिले. कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ साल उजाडावे लागले.

विधेयक मेले, विचार मात्र मेला नाही. त्याच वर्षी, १९७१ मध्ये, विधिमंत्री ह. रा. गोखले यांनी मांडलेली चोविसावी घटनादुरुस्ती संमत झाली. नाथ पैंनी मागितले होते ते तिने दिले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी गोलकनाथ निकाल रद्द ठरवला. घटनेचे कोणतेही कलम संसद बदलू शकते, त्यासाठी नवी घटना समिती नको. पण सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने एक कुंपणही घातले गेले. घटनेचा मूळ साचा मोडता येणार नाही. मुधोळकरांची शंका अशी निकालात उतरली.

अल्पमतातल्या सहांमध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांचे मूळ घराणे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. संसदेच्या अधिकाराला असे कुंपण नको, असे त्यांचे मत होते. मग १९७५ ची आणीबाणी आली. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे लिहून टाकले. १९८० च्या मिनर्व्हा मिल खटल्यात हे कलम मूळ साच्याविरुद्ध म्हणून रद्द झाले. त्या वेळी सरन्यायाधीश कोण होते? तेच चंद्रचूड! मधल्या सात वर्षांनी देशाला काय शिकवले ते या एका माणसाच्या प्रवासात दिसते. दरम्यान १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला. ज्या हक्कावरून एवढे रणकंदन झाले तो साधा कायदेशीर हक्क उरला.

मग नाथ पै बरोबर होते की चूक? मला वाटते, त्यांनी अर्धी लढाई जिंकली आणि तो अर्धा भाग मोलाचा आहे. नवी घटना समिती बोलवा हे सांगणे सोपे आहे. पण ती कोण निवडणार, किती दिवस बसणार, तिला मर्यादा कोण घालणार? जमिनीची वाट पाहणाऱ्या भूमिहीनाला त्या समितीची उत्तरे मिळेपर्यंत आणखी एक पिढी गेली असती. आणि समितीतही पक्षांचीच माणसे निवडून आली असती. संसद तर दर पाच वर्षांनी आपल्या दारात येते. उरलेला अर्धा भाग मात्र पालखीवालांचा. बहुमताच्या हाती सगळ्याच किल्ल्या देऊ नयेत, हे आणीबाणीने शिकवले. नाथ पैंचा विश्वास जनतेवर होता आणि तो खोटा ठरला नाही, कारण १९७७ मध्ये मतपेटीतून उत्तर देणारी हीच जनता होती.

२०२३ पर्यंत घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या. एकीसाठीही नवी घटना समिती बसली नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत संविधान बदलणार की नाही यावरून आमच्या पारावरसुद्धा कडाक्याचा वाद झाला. ज्यांनी कधी घटनेचे पान उघडले नाही अशी माणसेही तावातावाने बोलत होती. मला त्याचा आनंदच वाटला. आज दौंड बारामती मतदारसंघात आहे आणि शिरूरच्या नावाचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. नदीच्या दोन काठांवरून दोन खासदार दिल्लीला जातात. घटनेच्या दुरुस्तीवर हात वर करणारे ते दोन हात आपल्या मतांनी तिथे पोचतात. यंदा मतदार यादीत माझेही नाव आले आहे. मत मागायला जे येतील त्यांना रस्ता, पाणी, उसाचा भाव हे तर विचारावेच, पण घटनेत काय बदलायला तुम्ही हात वर कराल आणि काय बदलू देणार नाही, हेही विचारावे. नाथ पैंनी संसदेसाठी जो हक्क मागितला, त्याचा हिशेब विचारण्याचे काम आता आपले आहे.