नांदायला जा, नाहीतर तुरुंगात! रखमाबाईंचा खटला आणि आजचं 'कलम ९'

सीताबर्डी, नागपूर : 'कलम ९'चं समन्स घरी आलं की पहिला प्रश्न पडतो, नांदायला गेलं नाही तर अटक होईल का? सुमारे १४० वर्षांपूर्वी एका मराठी मुलीपुढे ही भीती खरोखर उभी होती.

कोण होत्या रखमाबाई?
जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबई. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी लावलं गेलं. मात्र त्या माहेरीच राहिल्या आणि शिकल्या.

खटला काय होता?
बायकोला नांदायला पाठवा, असा दावा दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात केला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात बाजू उलटली. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा आदेश आला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

१८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी रुग्णसेवा केली. कोर्टातून घटस्फोट मागायची सोय तेव्हा हिंदूंना नव्हती. ती देणारा हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला लागू झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या.

आज काय बदललं?
● नांदवण्याचा दावा कलम ९ मध्ये अजूनही आहे. नवरा-बायको दोघांनाही तो करता येतो. हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे.
● हुकूम मोडला तरी कैद नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.
● हुकमानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो.
● छळ हे वेगळं राहण्याचं सबळ कारण ठरू शकतं. पोटगी आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणही मागता येतं.
● वर्षभर वेगळे राहत असाल, तर संमतीने घटस्फोटाचा मार्ग आहे.

आधी काय करावं?
समन्स बाजूला टाकू नका. हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल लागू शकतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.