श्रीरामानुजाचार्य आणि कुरेशाची लेखणी

श्रीरामानुजाचार्यांचा जन्म इ. स. १०१७ त कांचीजवळ श्रीपेरुंबुदूर येथे झाला, असे परंपरा मानते. कांचीत यादवप्रकाशांपाशी अध्ययन चालले होते. छांदोग्यात भगवंताच्या नेत्रांचे वर्णन आहे. त्यात गुरूंनी वानराच्या पार्श्वभागाची उपमा काढली, तेव्हा गुरूंना तेल चोळीत बसलेल्या या शिष्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुढे ते गुरुकुल सुटलेच.

श्रीरंगमास मठाचा भार आला. ब्रह्मसूत्रांवर भक्तीला धरून भाष्य व्हावे, ही यामुनाचार्यांची अपुरी राहिलेली इच्छा. त्यासाठी लागणारी बोधायनवृत्ती काश्मिरात होती. ती मिळाली, पण हाती राहू दिली नाही. मग बरोबरच्या कुरेशाने सांगितले, की रात्री सगळे निजल्यावर मी ती वाचून पाठ केली आहे. असा शिष्य!

भाष्याला आरंभ झाला. आचार्य सांगत, कुरेश लिही. जगत् मिथ्या नव्हे. जीव आणि जगत् हे भगवंताचे शरीर आणि तो शरीरी, हा सिद्धांत. आपण ज्ञानोबारायांची लेकरे, अद्वैत सोडणारी नव्हेत. पण दुसऱ्याचे पुरते ऐकून घ्यावे, ही शास्त्राचीच रीत आहे.

न पटेल तिथे लेखणी थांबवावी, अशी आज्ञा होती. एके दिवशी जाणणे हेच जीवाचे स्वरूप, असे आचार्यांच्या मुखातून निघाले आणि लेखणी थांबली. आचार्य संतापले. लाथेने लोटले म्हणतात. कुरेश गप्पच. जीव जाणता आहे हे त्यालाही मान्य. पण तो कोणाचा, हे सांगितल्यावाचून स्वरूप पुरे कसे व्हावे? जीव हा भगवंताचा शेष, म्हणजे सर्वस्वी त्याच्या मालकीचा, त्याच्यासाठीच असलेला. राग ओसरल्यावर आचार्यांना ते उमगले. त्यांनी शिष्याची क्षमा मागितली आणि वाक्य सुधारून सांगितले. गादीवर बसून हे करणे किती जड जाते, ते गादीवर बसणारेच जाणोत.

असो. ‘श्रीभाष्य’ पुरे झाले. पुढे चोळ राजाचा कोप झाला, तेव्हा आचार्यांची भगवी वस्त्रे अंगावर घेऊन कुरेशच दरबारात गेला आणि डोळे गमावून बसला. शिष्याची पांढरी वस्त्रे नेसून आचार्य मेलकोट्याकडे निसटले. बऱ्याच वर्षांनी परत आल्यावर त्यांनी कुरेशाला कांचीच्या वरदराजापाशी दृष्टी मागायला पाठवले. त्याने मागितले काय, तर ज्याने राजाचे कान भरले होते, त्याला सद्गती!